जोडीदाराबद्दल बोलताना: शब्द, सर्वनाम आणि क्रियापद कसं निवडावं

नवरा किंवा बायको यांना दुसऱ्या भाषेत काय म्हणतात हे कोशात लगेच सापडतं. अडचण त्यापुढच्या शब्दांत येते. हिंदीत ‘मेरा पति आ रहा है’, इंग्रजीत ‘माय हजबंड इज अ‍ॅट वर्क, दे विल कॉल यू’ आणि जपानीत स्वतःच्याच बायकोसाठी ‘ओकुसान’ या तिन्ही ठिकाणी नाम कोशातलंच आहे, तरी ऐकणाऱ्याला खटकतं. तिन्ही चुकांचं मूळ मराठीच्या सवयीत आहे. त्यामुळे आधी आपण मराठीत नेमकं काय करतो ते पाहू आणि मग एकेका भाषेकडे जाऊ.

कुठल्याही भाषेत जोडीदाराचा उल्लेख करण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या. जोडीदार माझा की ऐकणाऱ्याचा? आदर दाखवायचा तर ती भाषा तो कशातून दाखवते: नामातून, सर्वनामातून की क्रियापदातून? आणि त्या भाषेत स्त्री-पुरुष हा भेद वाक्याच्या कोणत्या भागात दिसतो?

पहिली पायरी: मराठीतले तीन सांधे जुळवणं

मराठीत जोडीदाराबद्दलच्या वाक्याला तीन सांधे असतात: ‘माझा/माझे’, मग ‘तो/ते’ आणि शेवटी क्रियापद. तिन्ही एकाच वचनात हवेत. ‘माझा नवरा आला, त्याला विचारते’ बरोबर. ‘माझे पती आले आहेत, त्यांना विचारते’ हेही बरोबर. ‘माझे पती आलेत, त्याला विचारते’ हे मात्र मधेच मोडतं. लांब वाक्यात, विशेषतः भाषणात आणि अर्जात, हा तिसरा प्रकार फार होतो. सुरुवात ‘माझे पती’ अशी औपचारिक होते आणि दोन वाक्यांनंतर बोलणारी व्यक्ती घरातल्या ‘तो’वर येते.

‘नवरा’ला आदरार्थी बहुवचन का चालत नाही? ‘नवरा’चं अनेकवचन ‘नवरे’ होतं आणि ‘माझे नवरे’ म्हटलं की खरोखरचं अनेकवचन ऐकू येतं. ‘पती’, ‘यजमान’, ‘मालक’, ‘मिस्टर’ ही रूपं अनेकवचनात बदलत नाहीत, म्हणून ती आदराचं बहुवचन सहज पेलतात. बायकोच्या बाबतीत तेच. ‘बायको’चं अनेकवचन ‘बायका’, त्यामुळे ‘तुमच्या बायको आल्या का?’ हे व्याकरणात बसत नाही आणि ‘तुमची बायको आली का?’ हे ज्येष्ठ किंवा अनोळखी माणसाला विचारताना उद्धट वाटतं. तिथे ‘तुमच्या मिसेस आल्या का?’ किंवा थोडी ओळख असेल तर ‘वहिनी आल्या का?’ असं विचारावं. लेखी मजकुरात ‘आपल्या पत्नी’ चालतं. मित्रामित्रांत ‘तुझी बायको’ म्हणण्यात काहीच गैर नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सत्कार, परिचय, निमंत्रण किंवा मुलाखत असेल तर दोघांना एकाच पातळीवर ठेवा. ‘श्री. अमुक आले आहेत आणि त्यांची बायको आली आहे’ या एका वाक्यात दोन वचनं आहेत, आणि त्यातून कुणाला मान दिला व कुणाला नाही हे सगळ्या सभागृहाला कळतं. ‘ते आणि त्यांच्या पत्नी आल्या आहेत’ असं म्हटलं तर आदर समान होतो, पण क्रियापद स्त्रीलिंगी होऊन पहिला भाग लटकतो. ‘ते आणि त्यांच्या पत्नी असे दोघेही आले आहेत’ ही रचना दोन्ही अडचणी सोडवते. घरगुती गप्पांत ‘माझा नवरा, माझी बायको’ ही जोडीही तितकीच समतोल आहे.

‘हे’ आणि ‘ही’ हे वेगळं प्रकरण आहे. नवऱ्याचं नाव न घेण्याच्या प्रथेतून ‘आमचे हे’ आलं. त्याला नेहमी बहुवचनी क्रियापद लागतं: ‘हे अजून आले नाहीत’. बायकोसाठीचं ‘ही’ मात्र एकवचनी राहतं: ‘ही माहेरी गेलीय’. समोरच्याला घर माहीत असेल तेव्हाच हे शब्द चालतात. लेखी मजकुरात, फोनवर अनोळखी माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोलताना ‘यांना ताप आहे’ म्हटलं तर कुणाला, हे पुन्हा विचारावं लागतं. तिथे सरळ नातं सांगावं.

‘आमचे हे’मधलं ‘आमचे’सुद्धा लक्षात ठेवा. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ त्याला आत घेतं. म्हणून ‘आमचा नवरा’ म्हणता येतं, ‘आपला नवरा’ म्हणताना जपावं लागतं. तेलुगूतही बायको ‘मा आयन’ म्हणते आणि नवरा ‘मा आविड’. तिथेही ‘मा’ म्हणजे आमचे, ऐकणाऱ्याला वगळून. कन्नडमधलं ‘नम्म यजमानरु’ही ‘आमचे’नेच सुरू होतं. इंग्रजीत मात्र ‘अवर हजबंड’चा अर्थ अनेकींचा एक नवरा असाच होतो. तिथे नेहमी ‘माय’.

जुने शब्द जपून वापरा. ‘यजमान’ म्हणजे पाहुण्यांचं स्वागत करणाराही, त्यामुळे समारंभाच्या मजकुरात गोंधळ होतो. ‘कुटुंब’ हा बायकोसाठीचा शब्द आता जवळपास फक्त ज्येष्ठांच्या तोंडी उरला आहे. तरुण वाचक ‘आमचं कुटुंब गावी गेलंय’चा अर्थ सगळं घर गेलं असाच घेईल. ‘कारभारी’, ‘धनी’, ‘मालक’ ग्रामीण बोलीत जिवंत आहेत आणि त्या बोलीत ते बोलणाऱ्याच्या तोंडी शोभतात. शहरी माणसाने दुसऱ्याच्या नवऱ्याला उद्देशून ते वापरले तर नक्कल केल्यासारखं वाटतं.

दुसरी पायरी: सौ., श्रीमती आणि नावाआधीची अक्षरं

‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती, नवरा हयात असलेली विवाहित स्त्री. म्हणून पत्रिकेवर ‘सौ.’ छापण्याआधी विचारून घ्यावं, अंदाजाने लिहू नये. ‘श्रीमती’त खरा सापळा आहे. मराठी घरांत ‘श्रीमती’ लावलं की पूर्वी बाई विधवा आहे असाच अर्थ घेत. आज कार्यालयीन पत्रव्यवहारात सर्व स्त्रियांसाठी तोच शब्द वापरतात, तरी काही ज्येष्ठ वाचकांना तो अजून खटकतो. हिंदीत उलट आहे: ‘श्रीमती’ म्हणजे विवाहित स्त्री आणि ‘श्रीमतीजी’ म्हणजे चक्क बायको. हिंदी पत्रिकेतला ‘श्रीमती एवं श्री’ हा मजकूर मराठीत तसाच उतरवला तर घरातल्या आजींना वाईट वाटू शकतं. आणि मराठी माणसाने हिंदी कागदावर अविवाहित मुलीच्या नावाआधी ‘श्रीमती’ घातलं तर तिथे ती विवाहित ठरते. तिथे ‘सुश्री’ लिहावं.

गुजरातीत विधवेसाठी ‘गं. स्व.’ म्हणजे गंगास्वरूप लिहितात, मराठीत जुनं ‘गं. भा.’ आहे. दोन्ही न वापरलेलीच बरी. वैधव्य ही नावाआधी छापायची गोष्ट नाही. पूर्ण नाव पुरेसं असतं.

तिसरी पायरी: शेजारच्या भाषा

हिंदीत जाताना तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली वचनाची. मराठीत ‘माझा नवरा येतोय’ आपुलकीचं आहे, पण ‘मेरा पति आ रहा है’ हिंदी कानाला रूक्ष, कधी अनादराचं वाटतं. ‘मेरे पति आ रहे हैं’ म्हणा. बायकोसाठी ‘मेरी पत्नी आ रही हैं’. इथे आदर फक्त शेवटच्या ‘हैं’च्या अनुस्वारात आहे, म्हणून लिहिताना तो गाळू नका. भूतकाळात ‘आईं’.

दुसरी दुरुस्ती ‘अपना’ची. मराठीत ‘मी माझ्या नवऱ्याबरोबर आले’ अगदी नैसर्गिक आहे. हिंदीत कर्त्याचीच व्यक्ती असेल तर ‘मैं अपने पति के साथ आई हूँ’ हवं. ‘मेरे पति के साथ’ कळतं, पण लगेच परकं ऐकू येतं. तिसऱ्या पुरुषात तर अर्थच बदलतो. ‘सीमा उसके पति के साथ गई’ म्हणजे सीमा दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याबरोबर गेली. स्वतःच्या नवऱ्याबरोबर गेली असेल तर ‘अपने पति के साथ’.

तिसरी ‘तुम’ची. मराठी ‘तुम्ही’ आदराचं आहे, हिंदी ‘तुम’ बरोबरीचं. सासरच्या हिंदीभाषक माणसांशी बोलताना ‘तुम्ही’च्या जागी ‘आप’ यायला हवं.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी जास्त काटेकोर आहे. ‘तिचा नवरा’मध्ये ‘ति-’ मालकीण स्त्री आहे हे सांगतं आणि ‘-चा’ नवरा पुल्लिंगी आहे हे सांगतं. हिंदी ‘उसका पति’मध्ये पहिली माहिती नाहीच. हिंदीतून मराठीत आणताना ‘उसके’ कुणाचं हे मागच्या वाक्यातून शोधावं लागतं. आदरार्थी रूपात मराठीही तशीच मुकी होते. ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे आहेत, पण ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचा’ यांत स्त्री-पुरुष भेद उरत नाही. ‘त्यांनी चहा घेतला’मध्ये क्रियापद चहाच्या मागे जातं, पिणाऱ्याच्या नाही. पुढे इंग्रजीत घोटाळा होतो तो इथूनच.

कोकणीत नवरा ‘घोव’, बायको ‘बायल’, आणि थोडे जपून बोलायचे शब्द ‘घरकार’ व ‘घरकान्न’. ‘बायल’ म्हणजे स्त्रीही, म्हणून संबंध दाखवणारा ‘म्हजी’ किंवा ‘ताची’ आधी लागतो. कोकणीत लहान मुलीसाठी ‘तें’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम सहज वापरतात. मराठी कानाला ते विचित्र वाटलं तरी तिथे त्यात अपमान नाही. कुणाच्या बायकोचा उल्लेख करताना ‘ती’ सुरक्षित.

गुजरातीत दोन शब्द फसवतात. ‘वर’ म्हणजे तिथे नवराही, लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी; मराठीत वर लग्नमंडपापुरता. ‘वहु’ म्हणजे बायको आणि सूनही, त्यामुळे ‘एमनी वहु’ ऐकल्यावर ‘त्यांची सून’ असं भाषांतर करण्याआधी वय आणि संदर्भ पाहावा. आदराने स्त्रीबद्दल बोलताना गुजराती क्रियापद ‘आव्यां’ असं येतं. मराठी ‘आल्या’सारखं स्त्रीलिंगी रूप बनवायला गेलात तर चुकतं.

कन्नड ही सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या अनेक घरांची शेजारीण. तिथे ‘गंड’ आणि ‘हेंडति’ हे सरळ शब्द, तर ‘यजमानरु’ आणि ‘मनेयवरु’ हे आदराचे. बायको नवऱ्याला ‘री’ म्हणून हाक मारते, तिथे मराठी ‘अहो’ बरोब्बर बसतं. सर्वनामं ‘अवनु’ आणि ‘अवळु’ एकेरी, ‘अवरु’ आदरार्थी. आणि ‘अवरु’ स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच, क्रियापदही एकच. दुसऱ्याच्या जोडीदारासाठी डोळे मिटून ‘अवरु’ वापरा.

बंगालीत ‘स्वामी’ म्हणजे नवरा आणि ‘स्त्री’ म्हणजे बायको, बोलीत ‘बर’ आणि ‘बउ’. सर्वनामात लिंग नाही, क्रियापदातही नाही. ‘शे’ साधं, ‘तिनि’ आदराचं.

चौथी पायरी: इंग्रजी

मराठीतला आदर इंग्रजीत बहुवचनाने नेता येत नाही. नवऱ्यासाठी ‘ही’, बायकोसाठी ‘शी’, वय आणि पद काहीही असो. ‘त्यांनी सांगितलं’ मनात ठेवून ‘दे सेड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला दोन माणसं वाटतात, किंवा तुमचा जोडीदार स्वतःसाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरतो असं वाटतं. काही जण खरोखर ते वापरतात, आणि त्यांनी तसं सांगितलं असेल तर तेच वापरावं. आदर दाखवायचा तर तो ‘डॉक्टर अमुक’ अशा पदवीतून किंवा नम्र वाक्यरचनेतून.

‘माय मिसेस’, ‘माय मिस्टर’ हे आपल्याकडे रुळलं आहे, पण परदेशी कार्यालयात ‘मिसेस’ ही आडनावाआधीची पदवी आहे. तिथे ‘माय वाइफ’, ‘माय हजबंड’. ठरलेल्या जोडीदारासाठी आपण म्हणतो ते ‘वुड-बी’ भारताबाहेर सहसा कळत नाही, ‘फियान्से’ म्हणा. ‘पार्टनर’ लग्न झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी चालतं, पण व्हिसा, विमा, कर यांच्या अर्जात विवाहित असाल तर ‘स्पाउस’च्याच रकान्यात माहिती भरा. अनेक देशांत दोन्हींचे हक्क वेगळे असतात.

पाचवी पायरी: दूरच्या भाषा, जिथे मराठी माणूस खरोखर जातो

जर्मनीत जोडीदाराच्या व्हिसासाठी बहुतेकांना ए१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन लागते. ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) असलेल्यांच्या जोडीदारांसारखे काही अपवाद आहेत. तिथे नवरा ‘माइन मान’ आणि बायको ‘माइने फ्राउ’. शब्दशः ‘माझा पुरुष’, ‘माझी स्त्री’. रोजच्या बोलण्यात हेच योग्य. पण विभक्ती लगेच बदलते: नवऱ्याबरोबर ‘मिट माइनेम मान’, बायकोबरोबर ‘मिट माइनर फ्राउ’. ही दोन रूपं पाठच करावीत. ‘ईर मान’ ऐकलं तर थांबा. तिचा नवरा, त्यांचा नवरा आणि तुमचा नवरा हे तिन्ही उच्चाराने एकच आहेत. लेखनात ‘तुमचा’ मोठ्या अक्षराने सुरू होतो, बोलण्यात संदर्भच वाचवतो. आणि नुसत्या मित्राला ‘माइन फ्रॉइंट’ म्हणू नका, त्याचा अर्थ प्रियकर असा घेतला जातो. ‘माझा एक मित्र’ या अर्थाची रचना आहे ‘आइन फ्रॉइंट फॉन मिअर’.

फ्रेंचमध्ये मराठीच्या ‘तिचा/त्याचा’ या सोयीचा अर्धाच भाग मिळतो. ‘सा फाम’ म्हणजे त्याची बायको आणि तिची बायकोही, ‘सों मारी’ म्हणजे तिचा नवरा आणि त्याचा नवराही. रूप नामाच्या लिंगावर ठरतं, मालकाच्या नाही. गोंधळ वाटला की नाव घ्यावं. आणखी एक बारकावा: पत्नीसाठी औपचारिक ‘एपूझ’ स्त्रीलिंगी असूनही स्वराने सुरू होतो म्हणून ‘मोन एपूझ’, ‘मा’ नव्हे. फ्रान्सने 2012 मध्ये सरकारी अर्जांतून ‘मादम्वाझेल’ काढून टाकलं, त्यामुळे स्त्री विवाहित असो वा नसो, ‘मादाम’.

जपानी शिकणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना ही पायरी सर्वांत उपयोगी पडेल. जपानीत माझ्या आणि तुमच्या जोडीदारासाठी शब्दच वेगळे. माझी बायको ‘त्सुमा’, तुमची ‘ओकुसान’. माझा नवरा ‘ओत्तो’, तुमचा ‘गोशुजिन’. मराठीत बायको परक्यासमोरही नवऱ्याला बहुवचन लावते, ‘हे आले आहेत’. जपानीत परक्यासमोर आपल्या घरच्या माणसाला मान देणं हाच अविवेक. आपल्या नवऱ्याला ‘सान’ हा आदराचा प्रत्यय लावू नका आणि त्याच्यासाठी आदरार्थी क्रियापद वापरू नका. ‘गोशुजिन’मधला ‘शुजिन’ म्हणजे मूळ अर्थाने धनी, आपल्या ‘मालक’सारखाच. अनेक जपानी स्त्रियांना तो आता नको वाटतो, म्हणून स्वतःच्या नवऱ्यासाठी ‘ओत्तो’ निवडा. ‘कारे’ आणि ‘कानोजो’ ही तो/तीची सर्वनामं प्रियकर-प्रेयसी या अर्थानेही वापरतात, त्यामुळे दुसऱ्याच्या जोडीदारासाठी टाळा आणि ‘ओकुसान’ हाच शब्द पुन्हा म्हणा. जपानीत अशी पुनरुक्ती खटकत नाही.

हिब्रूचा संबंध जुना आहे. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि त्यांच्या घरांत दोन्ही भाषा भेटल्या. हिब्रूत ‘माझा नवरा’ म्हणजे ‘बआली’, ज्याचा दुसरा अर्थ माझा मालक. ‘माझी बायको’ म्हणजे ‘इश्ती’, माझी स्त्री. ज्यांना मालकीचा अर्थ नको असतो ते ‘इशी’ किंवा ‘बेन झुगी’ म्हणतात, स्त्रीसाठी ‘बत झुगी’. हिब्रूत ‘तू’लाही लिंग आहे: पुरुषाला ‘अता’, स्त्रीला ‘अत’. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपण ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ करतोच, फक्त आपलं लिंग क्रियापदात आहे आणि त्यांचं सर्वनामापासून सुरू होतं.

समलिंगी जोडीदार

सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, पण जिथे असा विवाह कायदेशीर आहे तिथे राहणारी मराठी जोडपी आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीत बोलावं लागतं. व्याकरणाला काहीच अडचण नाही: ‘तिची बायको’, ‘त्याचा नवरा’. अडखळून ‘मैत्रीण’ किंवा ‘रूममेट’ म्हणू नका. ती व्यक्ती स्वतः ‘जोडीदार’ म्हणत असेल तर तोच शब्द घ्या. जोडीदार स्त्री असेल तर क्रियापद स्त्रीलिंगी ठेवता येतं: ‘तिची जोडीदार आली’.

विचारताना

अनोळखी स्त्रीला ‘मिस्टर काय करतात?’ असा थेट प्रश्न टाकू नये. ती अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असू शकते. ‘घरी कोण कोण असतं?’ विचारलं तर ती स्वतःच शब्द निवडते, आणि पुढे तुम्ही तोच किंवा त्याचं आदराचं रूप वापरायचं: ती ‘नवरा’ म्हणाली तर ‘तुमचे नवरा’ न करता ‘तुमचे मिस्टर’, ‘पार्टनर’ म्हणाली तर ‘पार्टनर’. ‘माझे पती शिक्षक होते’ यातला ‘होते’ निवृत्तीचा की निधनाचा, हे कळेपर्यंत क्रियापदाचा काळ बदलू नका. तुम्हीही ‘कुठे होते?’ असंच विचारा. पूर्वीच्या जोडीदारासाठी लेखी ‘पूर्वपती’, ‘पूर्वपत्नी’, बोलताना ‘पूर्वीचा नवरा’ पुरेसं आहे.

यंत्राचं भाषांतर तपासताना

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये आधी ही तीन वाक्यं टाका: ‘माझ्या पत्नी डॉक्टर आहेत. त्यांना आज सुट्टी नाही. त्यांनी तुम्हाला फोन केला होता.’ दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात लिंग दिसत नसल्याने यंत्र तिथे इंग्रजी ‘ही’ (तो) किंवा ‘दे’ घालण्याची शक्यता जास्त. उपाय सोपा आहे: भाषांतरापुरतं एकवचन करा, ‘तिला’, ‘तिने’. लक्ष्यभाषेत आदर हवा असेल तर तो नंतर हाताने घाला. उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, ‘पार्टनर’चं ‘भागीदार’ झालंय का ते पाहा, कारण भागीदार धंद्यात असतो. ‘स्पाउस’चं ‘जोडीदार’ झालं असेल तर क्रियापद आपोआप पुल्लिंगी आलेलं असेल. व्यक्ती स्त्री असेल तर वाक्याच्या शेवटपर्यंत प्रत्येक ‘आला’, ‘गेला’, ‘त्याचा’ एकेक करून बदलावा लागतो. सरकारी अर्जासाठी भाषांतर करत असाल तर नातं, पूर्ण नाव आणि आडनाव मूळ दाखल्यावर जसं आहे तसंच ठेवा. मराठी पद्धतीत बाईच्या नावात मधलं नाव बहुधा नवऱ्याचं असतं. परदेशी अर्जातल्या मधल्या नावाच्या रकान्यात ते पासपोर्टवर तसं असेल तरच लिहा, नाहीतर अर्ज आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि अर्ज परत येऊ शकतो.